नकोबा आणि निळी गाडी

पहिल्यांदा मला त्याचे फक्त बूट दिसले. खरंच सांगते, फक्त बूट.

रविवारची सकाळ, जुन्या गाड्या विकणाऱ्याचं ते मोठं आवार, आणि मी एका लालचुटुक गाडीसमोर उभी, पार विरघळलेली. धाकटी बहीण तर केव्हाच आत शिरून स्टिअरिंग धरून बसली होती आणि आरशात स्वतःलाच बघत होती. विकणारा माणूस चाव्या खुळखुळवत म्हणत होता की ताई, असा रंग परत मिळायचा नाही. मी हो म्हणायला तोंड उघडलं... आणि शेजारच्या गाडीखालून आवाज आला.

"ती घेऊ नका."

खाली बघते तर गाडीखालून दोन पाय बाहेर आलेले. एका बुटाची नाडी काळी, दुसऱ्याची पिवळी. मग पाय सरकले, मागोमाग ग्रीसने माखलेली पँट आली, शर्ट आला आणि सगळ्यात शेवटी चेहरा. नाकावर काळा डाग. आणि डोळे – थांबा, डोळ्यांचं नंतर सांगते, कारण डोळे हा माझ्या धंद्याचा विषय आहे. मी चष्म्याच्या दुकानात नंबर तपासते. दिवसाला तीस-चाळीस जणांच्या डोळ्यांत बघते आणि कुणाच्याही डोळ्यांत बघून मला काही होत नाही. होत नसे.

विकणारा चिडला, तुझं काम कर म्हणाला. हा उठून उभा राहिला. लाल गाडीचं दार उघडलं, सीटचा पट्टा धरला आणि ओढत राहिला... ओढत राहिला, अगदी शेवटपर्यंत. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर मातकट रेघ होती.

"पट्टा इतका कुणी ओढत नाही," तो माझ्याकडे बघून म्हणाला, "म्हणून धुणारेही इथपर्यंत पोचत नाहीत. ही गाडी बुडालेली आहे. खिडकीपर्यंत."

धाकटी अशी उडी मारून बाहेर आली की जणू आत अजून पाणी आहे.

हे सगळं बाबा बघत होते, चाकाच्या खुर्चीतून. बाबांनी तीस वर्षं अँब्युलन्स चालवली. मागच्या हिवाळ्यात त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि डावा पाय रुसला तो रुसलाच. शब्दही सावकाश येतात, एकेक करून, रांगेत उभे राहिल्यासारखे. त्यांनी त्या मुलाला खालून वर नीट पाहिलं आणि म्हणाले, "हा... आपला माणूस."

आता आमची अडचण सांगते, म्हणजे पुढचं कळेल. डॉक्टर म्हणाले होते की पाय परत चालता करायचा तर आत्ताच, उशीर केला तर मग पायच ऐकणार नाही. चांगलं फिजिओचं सेंटर एकच, तेही गावाबाहेर घाट चढून, तासाभरावर. आठवड्यातून तीनदा जायचं. टॅक्सीवाले खुर्ची बघूनच मान हलवायचे. एक तारखेपासून बाबांची जागा ठेवली होती, सकाळी नऊची. एक तारखेला पोचलो नाही तर ती जागा यादीतल्या पुढच्या माणसाला, आणि आम्ही परत चार महिने रांगेत. हातात रविवार होते पाच. त्यातला पहिला लाल गाडीत बुडाला.

आणि गाडी कशी हवी? बाबा म्हणाले, पळणारी. घाटात ट्रकमागे अडकली तर ती गाडी नाही, कपाट. आई म्हणाली, डिकीत खुर्ची बसली पाहिजे, आणि पेट्रोल पिते किती ते आधी विचार. धाकटी म्हणाली, काहीही आणा पण कॉलेजच्या फाटकापाशी उतरताना मला तोंड लपवायला लागता कामा नये. मला एवढंच वाटत होतं की मी चालवणार आहे, तर ब्रेक लागावेत. एवढं सगळं एका जुन्या गाडीत, तेही आमच्या खिशाला परवडणाऱ्या. लग्नाला मुलगा शोधणं सोपं, असं आई म्हणाली. तेव्हा मी हसले होते.

तर त्या बुटांच्या मालकाचं काम हेच होतं. लोक जुनी गाडी घेण्याआधी त्याला बोलवायचे, तो तपासून द्यायचा. त्याची पद्धत मात्र जगावेगळी. गाडी चालवायला घेतली की दहा मिनिटं कुणी बोलायचं नाही. गाणी नाही, फोन नाही, खोकलासुद्धा शक्यतो नाही. गाडी काय म्हणते ते ऐकायचं. मग गाडी थांबवायची, पेनाचं टोपण दातात धरून विचार करायचा – चांगला दोन-तीन मिनिटं – आणि खिशातल्या छोट्या कार्डावर एकच शब्द लिहून द्यायचा. घ्या. किंवा नको.

दुसऱ्या रविवारी पांढरी गाडी. मीटर म्हणत होतं की फारच कमी धावलीय. त्याने दहा मिनिटं चालवली, मी शेजारी गप्प. मी! आई म्हणते मी झोपेतही बोलते. बाहेर रस्ता, आत नुसता इंजिनाचा आवाज, आणि गिअरवर त्याचा हात... नखांच्या कडेला काळी रेघ, पण बोटं अशी हलकी की झोपलेल्या बाळाच्या अंगावरून पांघरूण सारखं करतोय. मी खिडकीबाहेर बघायला लागले. बाहेर काही नव्हतं, एक भिंत होती. मी ती भिंत फार लक्षपूर्वक बघितली.

मग त्याने मला पायाखालचं पेडल दाखवलं. रबर झिजून गुळगुळीत झालेलं. मीटर मागे फिरवता येतं, म्हणाला, पण ब्रेक किती वेळा दाबला ते रबराला पाठ असतं. कार्ड आलं – नको.

घरी गेल्यावर धाकटीने त्याचं नाव ठेवलं. नकोबा. आईने विचारलं की हा नकोबा कशाला तरी हो म्हणतो का. बाबा हसले, झटक्यानंतर बहुतेक पहिल्यांदाच आवाज काढून हसले, आणि मला उगाच वाटलं की त्याचं श्रेय त्याला जायला हवं.

तिसरा रविवार. निळी गाडी.

गाडी एका गाणं शिकवणाऱ्या बाईंची होती. त्या लेकीकडे राहायला निघाल्या होत्या. निळा रंग, पण भडक नाही, संध्याकाळी दिवे लागायच्या आधी आकाश होतं ना, तसा. बाबा सीटवर बसले तेव्हा धरावंही लागलं नाही, उंची अगदी बरोबर. खुर्ची घडी करून डिकीत ठेवली, वर आईची पिशवीसुद्धा मावली. पिते किती, आईने विचारलं. बाईंनी जे सांगितलं ते ऐकून आईने माझ्याकडे असं बघितलं की ठरलंच आता. धाकटी गाडीभोवती फेऱ्या मारून फोटो काढत होती.

आम्ही दोघं चक्कर मारायला निघालो. दहा मिनिटं. त्याने चढावर पाय दाबला आणि गाडी अशी उचलली गेली की माझी पाठ सीटला टेकली. मी हसले, आवाज न करता. त्याने तिरप्या नजरेने बघितलं. मीही बघितलं. आणि मग तो वळायचा रस्ता चुकला. दहाची वीस मिनिटं झाली, तरी दोघांपैकी कुणी बोललं नाही, आणि सांगते, इतकी गडबड माझ्या आयुष्यात कधी झाली नव्हती जेवढी त्या गप्प गाडीत झाली.

परत आलो. त्याने टोपण दातात धरलंच नाही. झर्रकन लिहिलं आणि कार्ड दिलं.

नको.

गिअरबॉक्समध्ये आवाज आहे, म्हणाला. मला काही ऐकू आलं नव्हतं. पण मला लाल गाडीतली मातीही दिसली नव्हती. बाबांनी कार्ड हातात घेतलं, उलट करून बघितलं, मागे काही लिहिलंय का म्हणून. आईने डिकीतून पिशवी परत काढली. बाई फक्त त्याच्याकडे बघत राहिल्या. आणि मला एक गोष्ट खटकली. आमच्या दुकानात काही लोक अक्षरांचा तक्ता पाठ करून येतात, नंबर वाढलेला कळू नये म्हणून. ते फार पटकन वाचतात. बरोबर तसंच पटकन त्याने लिहिलं होतं. पण मी तो विचार झटकला. विश्वास होता ना.

आता चौथ्या रविवारचं ऐका, आणि ऐकून मला हसू नका. तोवर मला दुसरी गाडीच मिळाली नव्हती. एक काळी होती, दिसायला झोकदार, पण तिचा सायलेन्सर चक्क तारेने बांधलेला. मला ती तार शनिवारीच दिसली होती. आणि तरी मी त्याला फोन केला... की उद्या याल का.

तो आला. खाली वाकला. मग उभा राहिला.

"तुम्हाला ही तार दिसली नाही?"

"चष्मा घरी राहिला."

"तुम्ही चष्मा लावत नाही."

"म्हणूनच दिसली नाही."

तो हसला, आणि मग एकदम हसायचा थांबला. काहीतरी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात आई बाबांची खुर्ची ढकलत आली आणि विचारू लागली की मग, ही किती पिते. त्याने बाबांकडे बघितलं, मान खाली घातली आणि कार्डही न देता निघून गेला. जाताना नुसतं म्हणाला, नको. बाबांनी त्या दिवशी कॅलेंडरकडे बघायचं टाळलं. आम्ही सगळ्यांनीच टाळलं.

बुधवारी दुपारी तो दुकानात आला. हात नखांपर्यंत स्वच्छ. बुटांच्या दोन्ही नाड्या काळ्या. मला तिथेच कळायला हवं होतं की प्रकरण गंभीर आहे.

डोळे तपासायचेत म्हणाला. मी खुर्चीत बसवलं, नाकावर तपासायची गोल चौकट चढवली, डाव्या डोळ्यावर काळी झाकणी लावली. वाचा म्हटलं. त्याने वरपासून खालपर्यंत सगळं वाचलं, छापणाऱ्याचं बारीक नाव राहिलं फक्त. मी म्हटलं, डोळे उत्तम आहेत, तुम्हाला दिसत नाहीये ते काय?

तो तसाच, एक डोळा झाकलेला, समोर तक्त्याकडे बघत म्हणाला, "निळ्या गाडीत काही आवाज नव्हता."

मला आधी कळलंच नाही.

"गिअरबॉक्स चांगला आहे. सगळंच चांगलं आहे. मी आजवर तपासलेल्या गाड्यांत इतकी चांगली दुसरी नसेल."

"मग... नको का लिहिलंत?"

"घ्या लिहिलं असतं तर पुढच्या रविवारी तुम्ही आला नसतात."

बघा, हे वाक्य दुसऱ्या कुठल्या दिवशी ऐकलं असतं ना, तर मी तिथेच त्या तक्त्याला टेकून खाली बसले असते. पण माझ्या डोळ्यांसमोर आईची पिशवी आली, डिकीतून परत काढलेली. आणि कार्ड उलट करून बघणारे बाबा.

"मंगळवारी एक तारीख आहे," मी म्हणाले. "बाबा रोज त्या पायाशी बोलतात. दोन दिवस थांब म्हणतात त्याला. आम्ही तुमच्या एका शब्दावर गाडी सोडली."

माहितीये, म्हणाला. म्हणूनच आलोय. आणखी काही सांगायला लागला, बाईंबद्दल काहीतरी, पण मी ऐकलं नाही. पुढचं गिऱ्हाईक यायचंय म्हणाले, जा. तो उठला आणि गेला. अर्ध्या मिनिटाने परत आला. नाकावर चौकट तशीच होती, एक डोळा झाकलेला. ती काढून टेबलावर ठेवली, अगदी हळू, आणि परत गेला. मला रडू येत होतं आणि हसूही, आणि दोन्हींचा राग येत होता.

आणि हो, चोराच्या उलट्या बोंबा, कळतंय मला. ती तार मलाही दिसली होती. त्याने एक रविवार चोरला, एक मी.

पाच मिनिटांनी मी बाईंना फोन लावला. घंटा वाजत होती. गाडी गेली असणार, दहा दिवस कोण ठेवतं. बाईंनी फोन उचलला. मी नाव सांगायच्या आत म्हणाल्या, "आलीस का? मी म्हटलं किती दिवस लावते."

गाडी होती! दारातच उभी होती. त्याने लगेच सोमवारी सकाळी बाईंना फोन करून सांगितलं होतं की तुमच्या गाडीबद्दल मी खोटं बोललो, त्यांना खरं सांगायला मला थोडे दिवस द्या, तोवर विकू नका. बाईंनी दोन गिऱ्हाइकं परत पाठवली होती. म्हणाल्या, चाळीस वर्षं गाणं शिकवलं, चुकलेला सूर दडपून पुढे जाणारे ढिगाने पाहिले, स्वतःहून थांबून चुकलं म्हणणारा हा दुसराच. पहिला कोण ते त्यांनी सांगितलं नाही. मी त्या दुकानातल्या खुर्चीत बसले, त्याच खुर्चीत, आणि डोळे असे भरून आले की समोरचा तक्ता मला दिसेना. अगदी वरचं मोठं अक्षरसुद्धा.

बाबांना मात्र सांगायला हवं होतं. संध्याकाळी सगळं सांगितलं, तारेचंही. आई मान खाली घालून बसली, धाकटी तोंडावर उशी धरून बसलेली. बाबांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. मग एकेक शब्द आला.

"मी पण... एकदा. सायरन लावला. मागे पेशंट... नव्हता."

अँब्युलन्स, सायरन, बाबा? ज्या माणसाने आयुष्यात कधी सिग्नल मोडला नाही?

"हिची बस... सुटत होती. स्टॉपवर... बघायचं होतं हिला."

"मला माहीत होतं," आई म्हणाली. तिची मान अजून वर नव्हती. "मागचं दार उघडंच होतं. आत नुसती चादर होती."

तीस वर्षांत तिने हे एकदाही बोलून दाखवलं नव्हतं. बाबा इतके लाजले, इतके लाजले की झटक्याने वाकडी झालेली त्यांची ओठांची कड मला दिसेनाशीच झाली. मग सावरून मला म्हणाले, "त्याला सांग... सायरन एकदाच. परत... नाही."

आई उठली, आत जाता जाता विचारलं की तो मुलगा पितो किती. धाकटीची उशी पडली.

पाचव्या रविवारी मी त्याला बाईंच्या दारात बोलावलं. फोनवर फक्त वेळ सांगितली. आला. नाड्या परत काळी आणि पिवळी, म्हणजे माणूस जाग्यावर येत होता. बाबांनी त्याच्याकडे बघून मान हलवली, एकदाच, आणि सायरनचं सांगितलं. त्याला अर्थात काही कळलं नाही. मी म्हटलं, नंतर सांगते, बसा. आज मी चालवणार.

"दहा मिनिटं," मी म्हणाले, "कुणी बोलायचं नाही."

आणि निघालो. ती गाडी, काय सांगू... चढ आला की जणू तिलाच घाई. वळणावर हलकी, ब्रेकला शहाणी. पाऊस नुकताच येऊन गेला होता, रस्ता ओला, खिडकीतून थंड वारा येत होता, आणि तो शेजारी हात मांडीवर ठेवून बसलेला, परीक्षेला बसल्यासारखा. घड्याळात सात मिनिटं झाली.

"मला तुम्ही आवडता," तो म्हणाला.

मी रस्त्याकडे बघत राहिले. "दहा झाली नाहीत."

"माहितीये."

"नियम तुमचाच आहे."

"तोही माहितीये."

उरलेली तीन मिनिटं मी एक अक्षर बोलले नाही. मुद्दाम. मी सांगते, तीन मिनिटांत माणसाचा रंग किती वेळा बदलतो ते मोजलंय मी, डोळ्यांच्या कोपऱ्यातून. माझी छाती इतकी धडधडत होती की हा आवाज गिअरबॉक्समध्ये आहे असं तो म्हणाला असता तरी मी मानलं असतं. मग मी गाडी कडेला घेतली, बंद केली.

"ती काळ्या गाडीची तार," मी म्हणाले, "मला शनिवारीच दिसली होती."

तो वळून माझ्याकडे बघायला लागला. डोळ्यांचं सांगणार होते ना मी? काळेभोर, नंबर नाही, आणि त्या क्षणी त्यांत इतकं काही होतं की मला तक्ता विसरायला झालं.

"मग आता," मी म्हणाले, "विचार ना. पुढच्या रविवारी मी मोकळी आहे का ते."

त्याने विचारलं नाही. आधी कार्ड काढलं, टोपण दातात धरलं, चांगला दोन मिनिटं विचार केला, शप्पथ, आणि लिहिलं – घ्या. खाली तारीख टाकली. म्हणाला, हे गाडीचं, हे आधी, बाबांचं काम आधी. आणि मग विचारलं.

मंगळवार, एक तारीख. सकाळी आठ. पुढे बाबा, मागे आई, धाकटी आणि तो. त्याला बाबांनीच बोलावलं होतं, पहिल्या दिवशी गाडीबरोबर डॉक्टर असावा म्हणून. धाकटीला कॉलेजच्या फाटकापाशी सोडलं, ती इतकी सावकाश उतरली की मागे चार गाड्यांनी हॉर्न वाजवले. मग घाट. आणि अर्थात ट्रक, एवढा मोठा, चढावर धापा टाकत. घड्याळात साडेआठ. आई मागे वळून डिकीतल्या खुर्चीचं हँडल नीट बसलंय ना ते चाचपत होती, मला आरशात दिसलं, आणि दिसलं की तोही तेच चाचपतोय.

"पुढचा रस्ता... मोकळा," बाबा म्हणाले.

मी इंडिकेटर दिला, पाय दाबला. निळी गाडी एका दमात ट्रकच्या पुढे.

आणि माझ्या शेजारी, अगदी हळू, ओठांतल्या ओठांत, बाबांनी सायरन वाजवला. लांब, वर जाणारा, खाली येणारा, एकही सूर न अडखळता.

"एकदाच म्हणाला होतात ना," आई मागून म्हणाली.

सीटमागून त्याच्या हसण्याचा आवाज आला. नियम मोडून, मोठ्याने. आम्ही नऊला दहा कमी असताना पोचलो.